माळेतला बल्ब काढताना बूड होल्डरमधेच राहतंय, नवीन बसवला तरी अर्धी माळ बंद: कारण आणि उपाय

गणपती जवळ आले की तालमीत, मंडळात आणि घराघरात ही एकच तक्रार ऐकू येते. गेल्या वर्षी चांगली चालणारी छोट्या बल्बांची माळ पोत्यातनं काढली, पिन लावली, आणि अर्धी पेटली अर्धी बंद. मग एकेक बल्ब उपसून बघायचं सुरू होतंय, कोण नखानं काढतंय, कोण दातानं ओढतंय, कोण पक्कड लावतंय, त्यात दोन काचा फुटतात, एकाचं बूड होल्डरमधेच अडकतंय, एकाची तार तुटून आत राहते, आणि एका बल्बामुळं बंद असलेली माळ आता चार ठिकाणी बंद होते. कशीतरी चालू केली तरी अनंत चतुर्दशीच्या आत परत जाते. दिवाळीला परत तेच.

गल्लीतल्या मंडळाच्या माळांचं काम बरीच वर्षं माझ्याकडं आहे, त्यामुळं या माळा लई जवळनं बघितल्यात, आणि माझं ठाम मत झालंय की बल्ब जाणं ही छोटी गोष्ट आहे, माळ खरी मरते ती बल्ब वाकडातिकडा ओढून काढल्यामुळं. बल्ब काढायचं एक छोटं हातातलं टूल येतं, बल्ब पुलर म्हणतात, आम्ही त्याला नुसतं चिमटा म्हणतो. ते कसं वापरायचं, आणि मुळात कधी वापरायचं, हे नीट कळलं तर हा दरवर्षीचा त्रास निम्म्याहून जास्त कमी होतोय.

आधी तुमची माळ कुठली ते बघा, कारण सगळ्या माळांना हे लागू नाही. बल्ब होल्डरमधनं ओढून निघत असेल, म्हणजे काचेचा बल्ब, त्याला प्लॅस्टिकचं बूड, आणि ते बूड होल्डरमधे दाबून बसवलेलं, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी. तांदळाच्या दाण्याएवढे बल्ब असतात आणि तार थेट बल्बाला जोडून वरनं स्लीव्ह चढवलेली असते, तिथं ओढायला काही नाहीच, ओढलं तर तार तुटणार. सध्या बाजारात जास्त मिळतात त्या एलईडी माळांमधे बहुतेक वेळा एलईडी आतच चिकटवून बंद केलेला असतो, त्यालाही चिमटा लावू नका. तांब्याच्या बारीक तारेवर थेंबासारखे एलईडी असतात आणि मोबाईलच्या चार्जरवर चालतात, त्यांचा तर इथं काही संबंधच नाही.

आता एका बल्बामुळं अर्धी माळ का जाते. हे बल्ब सिरीजमधे असतात, एकातनं करंट जाणार मग दुसऱ्यात, मग तिसऱ्यात, सगळे मिळून घरचे २३० व्होल्ट आपापसात वाटून घेतात. एका सिरीजमधे ४० बल्ब असतील तर २३० भागिले ४०, म्हणजे प्रत्येकाला पावणेसहा व्होल्टच्या आसपास, म्हणून ते ६ व्होल्टचे बल्ब. लांब माळेत अशा दोन-तीन सिरीज एकापुढं एक येतात, पण प्रत्येकीला २३० व्होल्ट वेगळे मिळतात, म्हणून सलग एक तुकडा बंद दिसतो आणि बाकीची माळ पेटलेली असते. बटणाचा डबा असलेल्या माळेत गणित थोडं वेगळं, तिथं सिरीज एकमेकात मिसळलेल्या असतात, त्यामुळं सलग तुकडा बंद न पडता एकाआड एक किंवा दर चौथा बल्ब बंद दिसतो. असं दिसलं तर बल्बांच्या मागं लागायच्या आधी डबा बघा, कारण डब्यातला तेवढा एक चॅनेल, म्हणजे एका सिरीजला करंट देणारा भाग, गेलेला असू शकतो आणि तुम्ही उगीच चांगले बल्ब उपसत बसाल.

बऱ्याच बल्बांच्या आत एक सोय केलेली असते आणि ती बघण्यासारखी आहे. भिंग घेऊन उजेडाकडं बल्ब धरा. फिलामेंटच्या खाली, दोन उभ्या तारांच्या बुडाशी, एक केसासारखी बारीक तार गुंडाळलेली दिसेल. तिच्यावर ऑक्साइडचा थर असतो त्यामुळं एरवी तिच्यातनं करंट जात नाही. फिलामेंट तुटली की त्या एकाच बल्बावर सगळे २३० व्होल्ट येतात, तो थर फुटतो, आणि करंट त्या गुंडाळीतनं पुढं जातो. बल्ब विझतो पण माळ चालू राहते. याला शंट म्हणतात. स्वस्तातल्या माळांमधे काही वेळा तो नसतोच, तिथं एक बल्ब गेला की तेवढा तुकडा गेलाच.

पण मुद्द्याची गोष्ट अशी की शंट काम करतो तो बल्ब होल्डरमधे नीट बसलेला असेल तरच. बल्ब ढिला असेल, बुडाची तार होल्डरमधल्या धातूच्या पत्तीला टेकत नसेल, नाहीतर होल्डर रिकामाच असेल, तर शंट असून काही उपयोग नाही, कारण सर्किटच तिथं तुटलंय. शंटवाली माळ सलग तुकड्यात बंद असेल तर मी पहिला संशय ढिल्या बल्बावर आणि वाकलेल्या पत्तीवर घेतो, फुटलेल्या फिलामेंटवर नंतर. आणि पत्ती वाकते कधी, तर मागच्या वर्षी कुणीतरी बल्ब एका कडेनं उचकटून काढलेला असतो तेव्हा.

बूड नीट बघितलं तर हे लगेच लक्षात येतं. एक बल्ब काढून हातात घ्या. काचेतनं दोन बारीक तारा खाली येतात, बुडाच्या तळाला दोन भोकं असतात त्यातनं बाहेर पडतात, आणि एक या बाजूला एक त्या बाजूला अशा वर दुमडून बुडाच्या अंगाला चिकटलेल्या असतात. होल्डरच्या आत समोरासमोर दोन पत्त्या असतात. बूड आत गेलं की ह्या तारा त्या पत्त्यांवर घासून बसतात, बास, एवढाच जोड आहे, ना पेच ना सोल्डर. आता नखानं किंवा नेलकटरच्या पट्टीनं एका कडेनं उचकटलं की बूड तिरकं होतं, एका बाजूची पत्ती बाहेर ढकलली जाते आणि दुसऱ्या बाजूची तार ओरबाडून निघते. नवीन बल्ब बसवला की तो त्या फाकलेल्या पत्तीला टेकतच नाही. मग हातानं दाबलं की माळ पेटते, सोडलं की विझते. हे लक्षण दिसलं की समजायचं, बल्ब चांगला आहे, पत्ती फाकलीय.

चिमटा म्हणजे काय तर एक चपटी पट्टी, पुढं दोन दात, मधी खाच. दात टोकाला पातळ आणि मागं जाड होत गेलेले. बुडाला वरच्या बाजूला एक छोटा ओठ असतो, जो होल्डरच्या काठावर टेकतो. त्या ओठाच्या खाली हे दोन दात दोन्ही बाजूनं सरकवायचे आणि पुढं ढकलायचं. दात जाड होत जातात तसा ओठ दोन्ही कडांनी सारखा वर उचलला जातो. गॅरेजमधे बॉल जॉइंट काढायला दोन दाताचा फोर्क ठोकतात, अगदी तेच तत्त्व, फक्त इथं हातोडी नाही. इथं तरफेसारखं खाली दाबून उचलायचं नाही, हे महत्त्वाचं, कारण तरफ लावली की परत एक बाजू आधी उठते आणि पत्ती वाकायचा तोच प्रकार होतो. नुसतं सरळ पुढं ढकला, बल्ब एक-दोन मिलिमीटर वर आला की चिमटा काढून उलट्या बाजूनं परत एकदा सरकवा, आणि मग बुडाला धरून सरळ वर ओढा. काचेला धरून ओढायचं नाही. काच आणि बूड यांचा जोड फक्त त्या दोन तारांचा असतो, त्यामुळं काच ओढली की काच हातात येते आणि बूड तिथंच राहतं, ही शीर्षकातली तक्रार नेमकी तिथनं सुरू होते.

ओढायच्या आधी अजून एक बघायचं ते म्हणजे कुलूप. बऱ्याच बुडांना एका बाजूला प्लॅस्टिकची छोटी जीभ असते, ती होल्डरच्या बाहेरनं खाली येऊन खाचेत अडकते. बल्ब हलून पडू नये म्हणून केलेली असते. ती आधी नखानं बाहेर काढून मोकळी करायची, मगच चिमटा. ती अडकलेली असताना कितीही चांगला चिमटा लावला तरी ओठ तुटणार आणि मग धरायला काहीच राहत नाही.

आणि हे सगळं करताना पिन बोर्डातनं बाहेर काढलेली पाहिजे, नुसतं बटण बंद करून चालत नाही. आपल्याकडं बटण एकाच वायरवर असतं, आणि वायरिंग करताना फेज-न्यूट्रल उलटं झालं असेल तर बटण बंद असूनही माळेत फेज उभा असतो. मांडवातल्या तात्पुरत्या बोर्डावर तर कधीच भरवसा ठेवू नका. पावसात ओल्या जमिनीवर उभं राहून होल्डरमधे बोट घालायचं काम नाही. जमलं तर मांडवाच्या लाईनीला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट जमिनीकडं गळायला लागला की लाईन आपोआप तोडणारा स्विच) लावून घ्या, इलेक्ट्रिशियन अर्ध्या तासात लावून देतो.

आता खराब बल्ब शोधायचा कसा, कारण चिमटा असला तरी सगळेच बल्ब काढत बसायचं नाही. जितके कमी बल्ब काढाल तितकी माळ जास्त टिकेल. पिन काढलेली असतानाच आधी बंद तुकड्यातला प्रत्येक बल्ब अंगठ्यानं हलकासा दाबत जा, मग पिन लावून बघा. लई वेळा इथंच काम होतं. नाही झालं तर डोळ्यानं बघा, आतनं काळा पडलेला, काच तडकलेली, बूड तिरकं बसलेलं, असा बल्ब पहिला तपासा.

तरीही नाही सापडलं तर दोन रस्ते. पहिला, पेनसारखा येणारा टेस्टर, जो वायरला न टेकवता फेज असला की बीप करतो. माळ चालू ठेवून फेजच्या बाजूनं सुरुवात करायची आणि प्रत्येक बल्बाजवळ टोक न्यायचं. तुटलेल्या जागेपर्यंत बीप येईल, पुढं थांबेल. पण माळेत दोन-तीन वायरी एकमेकात पिळलेल्या असतात आणि त्यातली एक सरळ पुढं जाणारी फेजची असू शकते, त्यामुळं पिळलेल्या वायरीजवळ टेस्टर धरला तर तो सगळीकडंच वाजतो आणि माणूस गोंधळतो. म्हणून टोक वायरीवर नाही, बल्बाच्या काचेजवळ, वायरीपासनं लांब धरायचं. काहीच वाजत नसेल किंवा सगळीकडंच वाजत असेल तर टू-पिन काढून उलटी लावा आणि परत बघा, कदाचित तुम्ही न्यूट्रलच्या बाजूनं येत असाल. या रस्त्यात माळ चालू असते, म्हणून टेस्टर चांगल्या कंपनीचा पाहिजे, हात कोरडे पाहिजेत, आणि फुटका बल्ब किंवा रिकामा होल्डर असेल तिथं हात न्यायचा नाही.

दुसरा रस्ता मल्टिमीटरचा, पिन काढून, आणि मला तोच जास्त आवडतो. बंद सिरीजचा मधला बल्ब चिमट्यानं काढायचा, मीटरची एक पिन माळेच्या सुरुवातीला, दुसरी त्या रिकाम्या होल्डरच्या पत्तीला. डबा असेल तर डब्याच्या पुढनं मोजायचं. अर्धा भाग चांगला निघाला तर दोष दुसऱ्या अर्ध्यात. मग त्याचा अर्धा. ४० बल्बांची सिरीज असेल तर असं सहा वेळा अर्धं करेपर्यंत नेमका बल्ब हातात येतो, आणि तेवढेच पाच-सहा बल्ब काढावे लागतात.

इथं लई जण एका ठिकाणी फसतात. मीटर बीपवर ठेवलेला असतो. वीस थंड बल्ब सिरीजमधे असले की त्यांचा मिळून रेझिस्टन्स शंभर ओहमच्या घरात सहज जातो, आणि बहुतेक मीटरची बीप त्याच्या बऱ्याच खाली बंद होते. म्हणजे वायर चांगली, बल्ब चांगले, तरी बीप वाजत नाही आणि आपण म्हणतो सगळंच तुटलंय. मीटर ओहमवर ठेवा. काहीतरी आकडा आला म्हणजे रस्ता चालू, काहीच आला नाही तरच तुटलेलं.

खराब बल्ब सापडला, आता नवीन कुठला घालायचा. होल्डरमधे बसला म्हणजे चालला असं नसतं, व्होल्टेज जुळायला पाहिजे. २३० भागिले त्या एका सिरीजमधले बल्ब, जो आकडा येईल त्याच्या जवळचा बल्ब. माळेबरोबर पिशवीत दोन-तीन जादा बल्ब येतात ते टाकून देऊ नका, जुनी माळ मेली तर तिचे चांगले बल्ब काढून डबीत ठेवा आणि डबीवर व्होल्ट लिहा. बल्ब चालू आहे का बघायला दोन पेन्सिल सेल एकापुढं एक लावून ३ व्होल्ट द्या, ६ व्होल्टचा बल्ब मंद पेटतो, तेवढं पुरे.

बल्ब बरोबर पण बूड वेगळं असंही लई होतं. तेव्हा नवीन बल्ब त्याच्या बुडातनं सोडवायचा. दुमडलेल्या दोन तारा सरळ करायच्या, हलक्या हातानं, कारण एकाच जागी दोन-तीनदा वाकली की तुटते. मग काच वर ओढली की बल्ब तारांसकट बाहेर येतो. जुन्या बुडातला मेलेला बल्बही तसाच काढायचा. नवीन बल्बाच्या तारा जुन्या बुडाच्या दोन भोकांतनं घालायच्या, एका भोकात दोन्ही गेल्या तर तो बल्ब पेटणार नाही आणि त्याच्या वाटचे व्होल्ट बाकीच्यांवर जातील, म्हणून नीट बघा. तळाशी आल्या की एक डावीकडं एक उजवीकडं दुमडून वर न्यायच्या आणि जास्त झालेली तार कटरनं कापायची. चिमट्यानं अख्खा काढलेलं बूड असं परत वापरता येतं, पक्कडनं चेपलेलं येत नाही.

बसवताना उलटी काळजी. पत्त्या होल्डरमधे खालनं घातलेल्या असतात, वरनं जोर लावून बल्ब दाबला तर पत्ती वायरीसकट खालनं बाहेर येते. म्हणून होल्डरच्या खाली बोटाचा आधार द्यायचा, बुडाच्या तारा पत्त्यांच्या समोर आल्यात का बघायचं, आणि सरळ खाली दाबायचं. पत्ती खाली सरकलेली असेल तर तिला परत वर ढकलून खटकन बसेपर्यंत न्यायची, मग बल्ब. पत्ती फाकलेली असेल तर शिवणाच्या सुईनं मागच्या बाजूनं थोडी आत आणायची. थोडीच. जास्त आत आणून दोन पत्त्या एकमेकीला टेकल्या तर तिथं शॉर्ट होतो आणि परत बाकीच्या बल्बांवर भार.

बूड आतच राहिलंय आणि ओठही तुटलाय, अशा वेळी बारीक नोज प्लायर मिटवून बुडाच्या पोकळ भागात घालायचा आणि आतनं उघडायचा, म्हणजे तो भिंतींना धरतो, मग सरळ वर. काचेचे तुकडे राहिले असतील तर आधी होल्डर उलटा करून झटकून घ्या. तारेचा तुटका तुकडा पत्तीजवळ राहिला असेल तर तो काढल्याशिवाय नवीन बल्ब घालू नका, तोच तुकडा दोन पत्त्यांना जोडतो.

काही जण काय करतात, गेलेला बल्ब होल्डरसकट कापून टाकतात आणि दोन वायरी पिळून टेप मारतात. मांडवाच्या घाईत हे फार चालतं आणि मला ते अजिबात पटत नाही. हिशोब करून बघा. ४० मधला एक कापला तर उरलेल्या ३९ ना प्रत्येकी अडीच टक्के जास्त व्होल्ट मिळतात. कमी वाटतं, पण फिलामेंटच्या बल्बाचं आयुष्य व्होल्टेजच्या साधारण बाराव्या ते सोळाव्या घातानं कमी होत जातं, म्हणजे अडीच टक्क्यांनी आयुष्य पाव हिश्श्याच्या आसपास गेलं. चार कापले तर ११ टक्के जास्त, आणि आयुष्य पावच उरलं, कदाचित त्याहून कमी. मग पाचवा जातो, सहावा लगेच, सातवा त्याच रात्री. शंटवाला मेलेला बल्ब तसाच ठेवला तरी हेच होतं, कारण शंटमधे व्होल्ट जवळजवळ पडतच नाहीत. दरवर्षी परत परत माळ जाते त्यामागं हे मोठं कारण आहे. एक बल्ब विझलेला दिसला, बाकी माळ पेटतीय, तरी तो त्याच दिवशी बदला, विसर्जनापर्यंत थांबू नका. त्यात ती टेप मारलेली जोडणी पावसात असते, ते वेगळंच.

पावसाचं आपल्याकडं विशेष बोलायला पाहिजे. कोल्हापुरात गणपतीत पाऊस असतोच, माळ दहा दिवस बाहेर भिजते, विसर्जनानंतर घाईत गुंडाळून ओली तशीच पोत्यात जाते. होल्डर वरच्या बाजूला तोंड करून लावलेला असेल तर त्यात पाणी साठतं. वर्षभरानं बघितलं तर पत्तीवर हिरवा थर, बुडाची तार पत्तीला चिकटून बसलेली. हाच बल्ब मग निघत नाही आणि जोरात ओढला की तुटतो. अशा ठिकाणी ओढाताण करण्याआधी ओठाच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा (विजेचे जोड साफ करायच्या स्प्रेचा) एक फवारा मारून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, हेअर ड्रायरची कोमट हवा थोडी दिली तरी प्लॅस्टिक नरम पडतं, मग चिमटा लावा. काढल्यावर पत्ती पाण्याच्या पेपरची (बारीक पॉलिश पेपरची) छोटी पट्टी दुमडून घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, पूर्ण वाळू द्या. क्लीनर आणि अल्कोहोल दोन्ही पेट घेतात, त्यामुळं उडून जाईपर्यंत पिन लावायची नाही. खोबरेल तेल, ग्रीस असलं काही होल्डरमधे घालू नका, धूळ धरतं आणि पुढच्या वर्षी जास्त त्रास. माळ लावतानाच होल्डर तोंड खाली करून लावला तर यातलं निम्मं काम वाचतं.

चिमटा मिळवायचा कुठं. परदेशी माळांबरोबर काही वेळा प्लॅस्टिकचा छोटा येतो, ऑनलाईनही मिळतो. अमेरिकेत लाईटकीपर प्रो नावाचं बंदुकीच्या आकाराचं टूल प्रसिद्ध आहे, त्यात बल्ब काढायची सोय, टेस्टर आणि एक ट्रिगर असतो. ट्रिगर दाबला की गॅसच्या लायटरमधे असतो तसल्या पिझो क्रिस्टलमधनं जोराचा झटका जातो आणि न चाललेला शंट चालू होतो. कल्पना चांगली आहे, पण ते तिथल्या १२० व्होल्टच्या माळांसाठी केलंय आणि ट्रिगर वापरताना माळ लाईनवर लागते. आपल्या २३० च्या माळेवर तो भाग वापरू नका. कुणी नातेवाइकांनी तिकडनं पाठवलं असेल तर फक्त बल्ब काढायला वापरा. तिकडची माळसुद्धा थेट आपल्या बोर्डात लावायची नाही, ५० बल्ब आणि अडीच व्होल्टचा एक अशी ती असते, २३० वर लगेच जाते.

नाहीतर आपल्या कोल्हापुरात वर्कशॉपांचं उद्यमनगर आहे की, तिथं करून घ्या. एक मिलिमीटरची स्टीलची पट्टी, पुढं खाच, दोन्ही दात ग्राइंडरवर घासून टोकाला पातळ आणलेले, कडा पॉलिश केलेल्या, मागं स्लीव्ह चढवलेली मूठ. मंडळाचा चिमटा असाच केलेला आहे आणि विकतच्या प्लॅस्टिकपेक्षा तो मला उजवा वाटतो, कारण प्लॅस्टिकचे दात अडकलेल्या बुडाला वाकतात. फक्त माप आपल्या माळेचं घ्या. या बल्बांची काच बहुतेक वेळा साडेपाच-सहा मिलिमीटरची असते पण बुडाची मान प्रत्येक माळेत वेगळी, तिला व्हर्नियर लावून त्यापेक्षा किंचित मोठी खाच सांगा. खाच फार मोठी झाली तर दात ओठाच्या बाहेरनं जातात, लहान झाली तर मानेला घासून बूड फोडतात. धातूचा चिमटा म्हणजे पिन बाहेर, ही अट परत सांगतो.

ओढून निघणाऱ्या एलईडीच्या माळा थोड्या मिळतात, त्यांना हाच चिमटा चालतो, पण एलईडीला दिशा असते. बुडाला एका बाजूला उंचवटा असेल तो होल्डरच्या खाचेतच गेला पाहिजे, उलटा बसवला तर पेटत नाही. काढायच्या आधी मार्करनं बूड आणि होल्डर दोन्हीवर एक रेघ ओढा.

काही परदेशी माळांमधे एका बल्बाचं टोक पांढरं रंगवलेलं असतं, तो फ्यूज बल्ब, त्याच्यात शंट नसतो. जास्त बल्ब गेले की तो आधी जाऊन माळ वाचवतो. त्याच्या जागी साधा बल्ब घालायचा नाही. टोक लाल असेल तर तो लुकलुकणारा, तो मात्र फ्यूज बल्बाची जागा सोडून कुठंही घातला तरी चालतो, फक्त त्या सिरीजमधले सगळे त्याच्याबरोबर लुकलुकायला लागतात.

शेवटी कुठली माळ सोडून द्यायची. वायरीचं प्लॅस्टिक कडक होऊन वाकवलं की तडकत असेल, होल्डरची तोंडं वितळून लांबट झाली असतील, पाच-सहा ठिकाणी टेप असेल, तर तिच्यावर वेळ घालवू नका, चांगले बल्ब आणि बुडं चिमट्यानं काढून डबीत टाका आणि वायर भंगारात द्या. बाकीच्या माळा विसर्जनानंतर घरात पंख्याखाली दोन दिवस पसरून वाळवा, पुठ्ठ्यावर सैल गुंडाळा, कोपरावर घट्ट गुंडाळली की होल्डरच्या बुडाशी वायर पिळली जाते आणि पत्ती खाली सरकते. आणि चिमटा त्याच पुठ्ठ्याला दोऱ्यानं बांधून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी माळ काढणाऱ्या पोराच्या हातात पक्कड यायच्या आधी तो येईल.